गुलाबी दोरा

मस्कासाथ, नागपूर
२८ ऑक्टोबर १९७९

चि. प्रेमिला,

गाडी वेळेवर आली आणि तू तिच्यात नव्हतीस. मी फलाटावर झेंडूचा हार घेऊन उभा होतो. गाडी रिकामी झाल्यावर हार घेऊन उभा असलेला माणूस किती बावळट दिसतो, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी एका हमालानं विचारलं, "साहेब, मंत्री येनार होते काय?" मी हो म्हटलं आणि घरी आलो.

आईनं वेणूसाठी परकर शिवून ठेवला होता. नातीला कधी पाहिलेलं नाही, म्हणून तू सहा वर्षांची होतीस तेव्हाचं माप तिनं आठवून धरलं. भाऊबीजेचा पाट मांडला होता, तो तसाच उचलला. अकरा वर्षांनी बहीण येणार म्हणून मी नवं धोतर घेतलं होतं. शामला म्हणाली, घडी मोडू नका, पुढच्या वर्षी येईल. तुझी वहिनी अशीच आहे, कपडा वाया जाऊ देत नाही.

मग तिसऱ्या दिवशी तुझं कार्ड आलं, तुम्ही गाडी बदलायला उतरलात त्या भुसावळचा शिक्का असलेलं. "स्टेशनाबाहेरच्या भिंतीवर वेणूनं स्वतःला पाहिलं. विचारते, आई, मी इथं कशी? दादा, तू तर मला लिहिलं होतंस की ते चित्र बंद झालं. आम्ही परत चाललो." तीन ओळी. मी त्या इतक्या वेळा वाचल्या की आता डोळे मिटले तरी दिसतात.

बाई, उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस. ती भिंत जुनी असणार. आपल्या कारखान्याच्या छकुली छाप बिडीच्या कट्ट्यावरून, म्हणजे पुडक्याच्या लेबलावरून, तुझा फोटो आपण १९६९ सालीच उतरवला, तसं तुला तेव्हाच कळवलं होतं. कट्ट्यावर आता निळं पाखरू आहे. भिंती रंगवायला लोक मिळतात, पुसायला कोणी मिळत नाही, एवढीच गोष्ट. नाताळच्या सुट्टीत ये. मी पुन्हा हार घेऊन उभा राहीन, लोक हसले तर हसू देत.

तुझा,
मुकुंददादा


नागपूर
१९ नोव्हेंबर १९७९

चि. प्रेमिला,

तुझं पाकीट मिळालं. आत चिठ्ठी नव्हती. बिडीच्या कट्ट्याचं एक लेबल होतं, भुसावळच्या टपरीवर विकत घेतलेलं. त्यावर तू, सहा वर्षांची, दोन वेण्या, रिबिनी. खाली छापलेली किंमत चाळीस पैसे. त्या किमतीभोवती तू लाल शाईनं गोल केलास. मुलांच्या वह्या तपासून हाताला सवय लागली असेल.

१९६९ साली कट्टा वीस पैशाला होता. चाळीस पैशाचं लेबल जुनं असू शकत नाही, हे शाळेतल्या पोराला कळेल. मलाच कळलं नाही. इतकी वर्षं धंदा केला आणि शेवटी किमतीनं पकडला गेलो.

तर ऐक. निळं पाखरू तीन महिने जगलं. त्यानंतर पुन्हा तूच आहेस.

भुसावळची भिंतही जुनी नाही. दोन वर्षांपूर्वी मीच भैयाजी पेंटरला तिकडे पाठवलं होतं. आणि यंदा तुझी तार आली तेव्हा मी आनंदानं वेडा झालो आणि भीतीनंही. स्टेशनापासून घरापर्यंत अकरा भिंतींवर तू आहेस. मी रिक्षा ठरवली होती, तिचं टप पुढे ओढून वरून चादर बांधायची, उन्हाचं निमित्त सांगायचं. तू बुरख्यातल्या बाईसारखी घरी पोचली असतीस आणि पंधरा दिवस तुला आम्ही घराबाहेर पडू दिलं नसतं. हा माझा बेत होता. लिहिताना मला माझीच लाज वाटते आहे.

तू चिपळूणची शाळा का निवडलीस, ते मला ठाऊक आहे. जाण्याआधी तू रुपरावला बोलावून विचारलं होतंस, आपला माल कुठपर्यंत जातो. रुपराव आपला फिरतीचा माणूस. बिचाऱ्यानं हौसेनं नकाशावर सगळी बाजारगावं दाखवली. तू त्या नकाशावरून बोट सरकवत समुद्रापर्यंत गेलीस. निघताना फलाटावर मी तुला वचन दिलं, वर्षाच्या आत कट्ट्यावरून तुझा चेहरा काढतो. ते मी मनापासून दिलं होतं, एवढं तरी मान.

बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती, कारखाना माझ्या हातात होता. मी भैयाजीकडून पाखराचं चित्र काढून घेतलं. काय देखणं होतं ते. पाखराला शोभेल म्हणून बिडीला बांधायचा दोराही निळा केला, किंमत तीच वीस पैसे ठेवली, आणि माल सोडला. तीच पानं, तोच तंबाखू, वळणाऱ्या बायाही त्याच. तरी काटोलहून माल परत आला. सावनेरहून आला. उमरेडहून आला. रुपराव सायकल भिंतीला टेकवून म्हणाला, "मालक, लोकं म्हनतात तंबाखू बदलला. या बिडीनं खोकला येऊन राहिला म्हनतात."

मी किंमत पाच पैशांनी उतरवली. वाटलं, स्वस्त दिल्यावर कोण सोडतं. रुपराव पुढच्या फेरीहून आला तो तोंड पाडूनच. "आता तर हातच नाही लावत कोनी. स्वस्त झाली म्हनजे डुप्लिकेट होय म्हनतात." प्रेमिला, तीनशे घरांत बाया आपली बिडी वळतात. त्यांचं काम थांबलं. त्या कारखान्याच्या दारात येऊन नुसत्या बसायच्या, भांडायच्या नाहीत. ते मला सोसवेना. मी तुला परत आणलं, सगळं होतं तसं केलं. पंधरा दिवसांत गोदाम रिकामं झालं. लोकांचा खोकला गेला.

मला कळलं की लोक बिडी ओढत नाहीत, तुझा चेहरा ओढतात. आणि तुला मी लिहिलं, पाखरू छान चाललं आहे.

मुकुंद


नागपूर
९ जानेवारी १९८०

चि. प्रेमिला,

तुझं पत्र आलं, देवाला साखर ठेवली. चारच ओळी असल्या तरी आल्या. "ते चित्र असेपर्यंत मी आणि वेणू नागपूरला पाय ठेवणार नाही. आईला हे तू सांग, मी नाही सांगणार." सांगितलं. परकराची शिवण उसवून आईनं तो दोन बोटं वाढवला आणि पुन्हा ट्रंकेत ठेवला. पोरगी वाढते आहे, असं शामलाला म्हणाली.

दुपारी जेवण झालं की मी पानांच्या गोदामात जातो. वळायच्या आधी तेंदूची पानं भिजवून ठेवतात, तो ओला, तुरट वास तुला आठवत असेल. तिथे पोत्यावर बसल्या बसल्या डोळा लागतो. हल्ली रोज तेच दिसतं. कुठलंसं लांबलचक गाव आहे, सगळ्या भिंती पांढऱ्या, आणि तू एका भिंतीतून उतरून दुसरीत जातेस. मी हाक मारतो तर तू वळून बघतेस, ओळख दाखवत नाहीस, पुढच्या भिंतीत शिरतेस. वेण्या तेवढ्या हलतात. जाग येते तेव्हा माझा उजवा हात समोर धरलेला असतो.

तो हात का, हे मला परवा कळलं. ट्रंकेतून मूळ फोटो काढला. सीताबर्डीवरचा तो स्टुडिओ, मागे पडद्यावर रंगवलेलं तळं, तळ्याच्या काठाला एक पायरी, तिच्यावर तू. तुला गप्प उभं राहता येईना. दिवे लागले की तू तळ्यात पाय घालायला पडद्याकडे पळायचीस. शेवटी फोटोवाला वैतागून मला म्हणाला, पोरा, तू शेजारी उभा राहा, हिच्या खांद्यावर हात ठेव. मी ठेवला आणि तू थांबलीस. मी दहा वर्षांचा होतो. तुला फक्त मी थांबवू शकतो, याचा मला केवढा गर्व झाला होता.

बाबांनी लेबल छापताना मला कापलं. पण खांद्यावरची चार बोटं राहिली. कट्टा हातात घेऊन बघ. आजवर कोणाच्या लक्षात आली नाहीत. भैयाजीला तर ती कसली हेच कळेना, म्हणून भिंतीवर काढताना तो तिथे शेवंतीचं फूल काढतो. वऱ्हाडापासून खानदेशापर्यंत मी तुझ्या खांद्यावर शेवंती होऊन बसलो आहे.

हे गंमतीनं लिहिलं. आता जे लिहायचं ते लिहितो.

तुला पाहायला आले होते तो दिवस. पोहे झाले, नाव-शिक्षण विचारून झालं. मग मुलाच्या काकांनी खिशातून कट्टा काढला, एक बिडी पेटवली, आणि लेबल तुझ्या चेहऱ्याशेजारी धरून म्हणाले, "नाक तर तेच हाय." बाबा हसले. गिऱ्हाईकच सोयरा होऊन घरी आलं म्हणून खूश झाले. तू माझ्याकडे पाहिलंस. कॉलेजच्या रस्त्यावर पोरं काय बोलायची, "एक छकुली दे गा, माचिस आहे माह्याजवळ" असं पानठेल्यावर तुला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायची, हे तू घरात फक्त मला सांगितलं होतंस. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी हसत होतो.

सगळे हसत होते म्हणून हसलो. दुसरं कारण मला आजही सापडलेलं नाही. तू ताट उचलून आत गेलीस. त्यानंतर दीड वर्ष तू या घरात होतीस, पण मला वाटतं, तू गेलीस ती त्याच क्षणी. वचनबिचन नंतरचं. तू माफ कर असं मी म्हणत नाही. मी हसलो होतो आणि ते मला माहीत आहे, हे तुझ्यापर्यंत पोचावं एवढंच.

मुकुंद


नागपूर
१६ मार्च १९८०

चि. प्रेमिला,

आज जे लिहितो आहे ते वाचून तू मला मूर्ख म्हणशील. म्हण. मीही सकाळपासून तेच म्हणतो आहे.

संत्रा मार्केटमध्ये मृगाच्या बहाराची संत्री उतरली आहेत. सकाळी मी सहज तिकडे गेलो होतो. उन्हात सगळं मार्केट सालीच्या वासानं भरलेलं, माणसं सुद्धा पिवळी दिसत होती. कळमेश्वरकडचे एक म्हातारे शेतकरी रिकाम्या टोपलीवर बसून बिडी ओढत होते. रामाजी नाव. बिडी आपली, हे मी लांबूनच ओळखलं. शेजारी बसलो. मनात आलं, ज्या चेहऱ्यापायी माझी बहीण गेली, तो या माणसाला किती प्रिय आहे ते एकदा त्याच्याच तोंडून ऐकावं. तेवढंच समाधान.

"कोणती बिडी ओढता, काका?"

"गुलाबी दोऱ्याची."

"तिचं नाव काय?"

"गुलाबी दोऱ्याचीच म्हनतात तिले. दुकानात तसंच मांगतो, तो देते."

"कट्ट्यावर फोटो आहे ना एक?"

"फोटो हाय काय?" त्यांनी बंडीच्या खिशातून कट्टा काढला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "हाय खरा. लेकरू हाय कोनाचं तरी. वीस वर्सं झाली ओढून राहिलो, पाह्यलंच नाही." मग बराच वेळ त्या लेबलाकडे बघत राहिले आणि मला म्हणाले, "बिडीवर काहून छापलं गा लेकराले?"

मी त्यांचं एक संत्रं सोलून खाल्लं, तेवढीच तोंडाला सबब.

तिथून मी उठलो आणि मार्केटभर फिरलो. आपली बिडी ओढणारी एकवीस माणसं गाठली. त्यांतले बहुतेक वाचता न येणारे. कट्टा फोडला की कागद फेकतात, बिडी खिशात मोकळी टाकतात. खिशातून निघते तेव्हा तिच्यावर फोटो नसतो, दोरा असतो. दुकानदारानं दुसरीच बिडी खपवली तर ते दोऱ्यावरून ओळखतात. "दोरा गुलाबी अन् पैसे ठरलेले, मंग माल खरा," असं एकानं मला समजावून सांगितलं, जसा काही मी नवीनच धंद्यात पडलो होतो. फोटो कोणाचा, हे एकवीसपैकी दोघांनी सांगितलं. एक म्हणाला देवीचा. दुसरा म्हणाला मालकाच्या पोराचा.

घरी आलो तर आई ओसरीत तांदूळ निवडत होती. तिला सगळं सांगितलं. आईनं सूप खाली ठेवलं. "मी तवाच म्हनलं होतं तुले, दोरा नोको बदलवू. मी बारा वर्सं बिडी वळली, मले माहीत होतं. तू म्हने, आई, तुले फॅशन समजत नाही."

म्हणाली होती. मला आता शब्दन् शब्द आठवतो. दारात उभी राहून म्हणाली होती आणि मी निळ्या दोऱ्याची रिळं मोजून घेत होतो, मान वर केली नाही.

प्रेमिला, मी त्या वर्षी दोन गोष्टी एकाच दिवशी बदलल्या. लेबलही आणि दोराही. पाखराला शोभतो म्हणून. लोकांनी दोऱ्यासाठी माल परत केला आणि मी समजलो तुझ्या चेहऱ्यासाठी. किंमत उतरवली तेव्हा त्यांची खात्रीच पटली की ही दुसऱ्याच कोणाची बिडी. तुझा चेहरा तेव्हा काढला असता आणि दोरा तोच ठेवला असता, तर कोणी बघितलंही नसतं. तू विज्ञान शिकवतेस. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते, हे तू सातवीच्या पोरांना शिकवत असशील. अकरा वर्षं मी तुला एका रिळासाठी घराबाहेर ठेवलं.

दुपारी गोदामात गेलो, पण झोप आली नाही. पानांवर डोकं ठेवून रडलो. शामला चहा घेऊन आली, तिनं पाहिलं, चहा पोत्यावर ठेवून निघून गेली. तो थंड झाला.

मुकुंद


नागपूर
२० जुलै १९८०

चि. प्रेमिला,

या पाकिटात नवं लेबल घातलं आहे. पांढरा कागद, त्यावर गुलाबी अक्षरं. चित्र कसलंही नाही. नाव बदललं, कारण छकुली हे तुझं घरातलं नाव, ते बाजारात ठेवायचं काय कारण? लोकांनी जे नाव केव्हाच ठेवलं होतं तेच छापलं. गुलाबी दोरा बिडी. किंमत चाळीस पैसे, एक पैसा खाली नाही की वर नाही. दोरा तोच. या खेपेला रिळं आईनं स्वतः उजेडात धरून पाहिली.

माल गेला त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. त्या तीनशे बाया डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. एक कबूल करतो, तुझ्याशी आता खोटं बोलायचं नाही असं ठरवलं आहे. लेबल छापायचा जुना ब्लॉक मी मोडीत दिला नव्हता. कपाटात कागदांखाली लपवून ठेवला होता. माल परत आलाच तर असू दे, म्हणून. असा आहे तुझा भाऊ.

रुपराव फेरीहून आला. सायकल नेहमीसारखी भिंतीला टेकवली. मी विचारलं, काय म्हणतात लोक?

"काई नाही म्हनत."

"म्हणजे?"

"घेतात अन् जातात. कोनालेच पत्ता नाही, मालक."

काटोल, सावनेर, उमरेड, हिंगणघाट. कुठून काही नाही. एक कट्टा परत आला नाही, एक माणूस खोकला नाही. मला वाटलं होतं मी आनंदानं पेढे वाटीन. तसं झालं नाही. मी तिथेच पायरीवर बसलो. इतकं सोपं होतं ते. ज्या गिऱ्हाइकाचं तुझ्यावर प्रेम आहे असं मी समजत होतो, त्यानं तुझ्याकडे कधी मान वर करून पाहिलंही नव्हतं.

नाही, एकानं विचारलं. उमरेडला एक म्हातारा शिंपी आहे. त्यानं कट्टा उलटसुलट करून पाहिला आणि रुपरावला म्हणाला, "लेकरू कुठं गेलं?" रुपराव म्हणाला, "मोठी झाली जी ते. शाळेत मास्तरीण हाय आता." शिंपी म्हणाला, "बरं झालं," आणि मशीन सुरू केली.

ब्लॉक मी काल कपाटातून काढला. कानस घेतली आणि अंगणात बसून घासला. आधी रिबिनी गेल्या. जस्ताचा चुरा उन्हात चमकत होता. आई बघत होती. म्हणाली, नीट घास, नाक राहिलं. आम्ही दोघंही हसलो. यावेळचं हसणं तुला चाललं असतं, असं मला वाटतं.

जावईबापू अनंतरावांना नमस्कार. वेणूचा परकर आता आणखी दोन बोटं वाढवला आहे.

मुकुंद


नागपूर
१४ ऑक्टोबर १९८०

चि. प्रेमिला,

तुझं कार्ड आलं. एकच शब्द. "भिंती?"

मी ते उत्तर म्हणून धरलं. जिला यायचंच नाही ती भिंती विचारणार नाही.

भैयाजी पेंटरला बोलावलं. सगळ्या भिंती पुसायच्या म्हटल्यावर त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "भाऊ, माह्याच हातानं काढलं, आता माह्याच हातानं पुसू काय?" मी म्हटलं, दुसऱ्या कोणाला सांगू का? त्यावर त्याला राग आला. "दुसरा काहून? त्याले काय माहीत कुठं कुठं हाय ते." त्याच्याकडे वही नाही की यादी नाही, सगळं डोक्यात. तू कुठल्या गावात कुठल्या वळणावर आहेस, ते या जगात त्याला एकट्याला ठाऊक होतं.

आम्ही भुसावळहून सुरुवात केली. तू जिथून परत फिरलीस तिथून. स्टेशनाबाहेर आलो तर समोर तू, माणसापेक्षा उंच. रोज पाहतो आहे असं वाटत होतं, पण इतकी वर्षं मी पण नीट पाहिलंच नव्हतं. तू हसत नाहीस त्या चित्रात. सगळ्यांना हसतेस असं वाटतं, पण डोळे पडद्यावरच्या तळ्याकडे वळलेले आहेत, तुला तिकडे पळायचं आहे. भैयाजीनं चुन्याची बादली खाली ठेवली आणि कुंचला माझ्या हातात दिला. "हे तुमी करा भाऊ. बाकीच्या मी करतो."

मी आधी शेवंतीचं फूल पुसलं. तुझ्या खांद्यावरचा माझा हात आधी उचलला. मग तू.

चुन्याच्या एका हातानं भागत नाही. पहिला हात सुकला की चेहरा चुन्याखालून पुन्हा वर येतो, फिकट. दुसऱ्या हातानंतर फक्त डोळे उरतात. तिसऱ्यानंतर भिंत.

मग पॅसेंजर गाडीनं गाव गाव करत आलो. मलकापूर, अकोला, बडनेरा, पुलगाव, वर्धा. दहा दिवस. गाडीत मला डुलकी लागायची, खिडकीबाहेर कापसाची पांढरी शेतं संपता संपत नव्हती, आणि स्वप्नातलं ते लांबलचक गाव आणि बाहेरचं रान मला वेगळं काढता येईना. पण यावेळी भिंतीत तू नव्हतीस. मी तुला शोधत होतो आणि तू सापडत नव्हतीस, आणि मला बरं वाटत होतं. बडनेऱ्याला एका चहावाल्यानं विचारलं, कंपनी बुडाली का? भैयाजी म्हणाला, "बुडाली नाही बावा. पोरगी घरी येऊन राहिली."

मी त्याला काही सांगितलेलं नव्हतं.

नागपूरच्या भिंती शेवटी घेतल्या. संत्रा मार्केटची, मेयो हॉस्पिटलसमोरची, दोसरभवन चौकातली, गांधीबागेतल्या दोन, आपल्या गल्लीच्या तोंडाशी आहे ती, सगळ्या अकरा. काल संध्याकाळी शेवटच्या भिंतीवर तिसरा हात दिला. आज सकाळी आईला रिक्षात बसवून स्टेशनापर्यंत नेलं आणि परत आणलं, टप मागे टाकून. तिची नजर माझ्यापेक्षा बारीक आहे. कुठे नाक राहिलं का, ते तिनं दोन्ही बाजूंना पाहिलं. नाही राहिलं.

सोबत तो मूळ फोटो पाठवतो आहे, न कापलेला. तळं, पायरी, तू आणि मी. आता याची प्रत कुठेच नाही. तुला हवं तर तूही मला काप, बोटांसकट.

सात नोव्हेंबरला दिवाळी आहे. परकर तयार आहे. वेणूला खिडकीजवळ बसव. भुसावळपासून आपल्या दारापर्यंत आता तू कुठंच नाहीस. म्हणून लिहितो, ये.

मुकुंददादा